लाल शेपटीचा बोळा

नीट चालणाऱ्या बंदुका मी आयुष्यात फारशा पाहिल्या नाहीत. ज्याची गोळी मुकाट सुटते तो माणूस मिस्त्रीकडे कशाला येईल? माझ्याकडे यायच्या त्या गंजलेल्या, अडकलेल्या, पडून लाकडी दस्ता तुटलेल्या, आणि वर्षादोनवर्षांत एखादी फुटलेली. फुटलेल्या बंदुकीबरोबर सहसा मालक नसे. तो दवाखान्यात असे.

आमचं दुकान कसबा पेठेत. दिवसभर तांबटांच्या ठोक्यांचा आवाज. दुकान आजोबांनी काढलं, अब्बांनी चालवलं आणि मी बंद केलं. पाटीवर 'बंदूक दुरुस्ती' एवढंच होतं. तिच्याखाली अब्बांनी हातानं एक ओळ लिहिली होती: 'भरलेली बंदूक आत आणू नये.' ती वाचून लोक हसत, आणि त्यांतलेच काही जण भरलेली बंदूक घेऊन आत येत.

अब्बांचा एक नियम होता. गिऱ्हाइकानं बंदूक टेबलावर ठेवली की आधी ती उघडायची, आत काडतूस नाही ना ते बघायचं, मग नळी रस्त्याच्या उजेडाकडे धरून आरपार पाहायची. त्यानंतर सलाम, नमस्कार, राम राम, जे काय असेल ते. घरी आम्ही दखनी बोलतो आणि दुकानात मराठी, पण हा नियम अब्बा दखनीतच सांगत, "पैले नली देखो, बाद में बात करो." नव्या गिऱ्हाइकाला तो उद्धटपणा वाटे. पुण्यात दुकानदाराचा उद्धटपणा कोणी मनावर घेत नाही, म्हणून आमचं निभावलं.

ज्यांनी बंदूक फक्त सिनेमात पाहिली आहे त्यांना ती फुटते म्हणजे काय होतं हे सांगायला हवं. काडतूस म्हणजे पितळेचं नळकांडं. बुडाला टोपी, पोटात दारू, तोंडाशी गोळी. घोडा दाबला की टोपी पेटते, दारूचा धूर होतो, आणि त्या धुराला जायला एकच वाट असते, गोळीला ढकलत पुढे. वाट मोकळी असली तर काही होत नाही. वाटेत काही अडलं तर धूर थांबून वाट बघत नाही, तो पोलाद फाडून बाहेर पडतो. काडतूसच बिघडलेलं असेल तर त्याच्या खुणा मागच्या बाजूला राहतात: पितळेचं बूड फुगतं, टोपी चपटी होते, काडतूस मागून बंद करणारा बोल्ट असा अडकतो की हातोडीशिवाय उघडत नाही. नळी तुंबलेली असेल तर मागचं सगळं शाबूत आणि पुढे चिंध्या. माझ्या धंद्यातली अर्धी अक्कल एवढीच आहे.

उरलेली अर्धी माणसं ओळखण्यात जाते. एक निवृत्त इंजिनियर साहेब होते. त्यांची काडतुसं पावसाळ्यात सर्दावली. वैशाखात बाईसाहेबांनी गच्चीवर कुरडया घातल्या, तेव्हा साहेबांनी शेजारच्या चटईवर काडतुसं मांडली.

"उन्हानं सगळं टिकतं," ते मला म्हणाले.

"कुरडया टिकतात, साहेब. दारू बिघडते."

"तसं मी लक्ष ठेवून असतो. कावळे येतात ना, म्हणून खुर्ची टाकून शेजारीच बसतो."

पेटणाऱ्या मालाशेजारी डोक्याला पंचा बांधून राखण करणारा माणूस मी तो एकच पाहिला. पुढे त्यांतलं एक काडतूस फुसकं निघालं. आमच्याकडे मोठ्या आवाजाला कोणी भीत नाही, फुसक्याला भितात. फुस्स झालं की माणूस हसतो आणि दुसरं काडतूस भरतो. पहिली गोळी तेव्हा नळीत अर्ध्यावर बसलेली असते. साहेब हसले नाहीत. बंदूक खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे घेऊन आले. गोळी खरंच आत होती. मी ज्याला स्वतःच्या पैशानं पेढा दिला असं ते एकमेव गिऱ्हाईक.

आता मूळ गोष्ट.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका चौकीत जमा करायचा हुकूम निघे. महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त त्या एका कोंदट खोलीत भिंतीला उभ्या असत. परत यायच्या तेव्हा नळीत गंज, आणि तोंडाशी कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर. यावर अब्बांनी बोळा काढला. सुती कापडाची घट्ट वळी ग्रीसमध्ये बुडवून नळीच्या तोंडात बसवायची, आणि तिला शिवलेला लाल लोकरीचा धागा वीतभर बाहेर लोंबता ठेवायचा. शेपूट दिसली म्हणजे आत बोळा आहे. धरून ओढली की बोळा बाहेर. चौकीचे हवालदारसुद्धा विचारत, "मिस्त्रींची शेपूट आहे ना? मग काळजी नाही." मला त्या शेपटीचा अभिमान होता. बंदूक जमा करायला नेताना प्रत्येकाला मी सांगत असे, परत आणलीत की आधी हे ओढा.

धायरीचा ज्ञानोबा आमचं जुनं गिऱ्हाईक. धायरी तेव्हा खेडं होतं, डोंगराकडून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत भुईमूग उकरून ठेवायची. पिकाच्या राखणीसाठी त्याच्याकडे तीनशे पंधरा बोअरची रायफल होती. वर्षातून दोनदा सफाईला आणायचा, बरोबर ओल्या शेंगांची पिशवी. टेबलावर बंदूक ठेवून स्वतः दोन पावलं मागे सरायचा आणि म्हणायचा, "बगा, बगा. आदी नळी, मग आमी."

त्या वर्षी निवडणूक झाली आणि ज्ञानोबाला बंदूक परत मिळाली ती नवरात्रात, अष्टमीला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ यांच्या ओळीत रायफल मांडली, पूजा झाली. दसऱ्याच्या सकाळी, उजाडता उजाडता, बांधावर डुकरं दिसली म्हणून तो बंदूक घेऊन गेला आणि त्यानं एक गोळी झाडली.

बंदूक माझ्याकडे आली ती फौजदारांच्या जीपमधून, पोत्यात गुंडाळून. नळी तोंडापासून वीतभर मागे फाटली होती आणि तिथून पुढे तिच्या तीन पट्ट्या झाल्या होत्या. एक पट्टी जागेवर नव्हती. ती ज्ञानोबाच्या डाव्या हातातून गेली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

गावानं निकाल आधीच लावला होता: काडतूस खराब. काडतुसं शनिवार पेठेतल्या बर्व्यांच्या दुकानातली. धायरीची पाच-सहा माणसं तिथं जाऊन टेबल बडवून आली होती. "शिळी काडतुसं इकता काय?" असं त्यांतल्या एकानं विचारलं, तेव्हा बर्वे म्हणाले, "शिळी असायला ती काय भजी आहेत?" हे उत्तर त्यांच्या उपयोगी पडलं नाही. फौजदारांनी त्यांचा माल सील केला आणि मला सांगितलं, "मिस्त्री, दोन दिवसांत लेखी मत द्या. काडतूस खराब निघालं तर बर्व्यांचा परवाना गेला समजा."

फौजदार गेले आणि मी बोल्टला हात घातला. तो बोटानं उघडला. रिकामं नळकांडं आपसूक बाहेर आलं. बूड सरळ, टोपी गोल. काडतूस निर्दोष होतं, बर्व्यांच्या दुसऱ्या कुठल्याही काडतुसाइतकं. मग मी भिंग घेऊन पुढच्या पट्ट्या पाहिल्या. एका फाटीच्या खाचेत जळकं ग्रीस होतं आणि त्यात चिकटलेले लोकरीचे तीन-चार तंतू. लाल.

अब्बा तेव्हा थकले होते, दुकानात नुसते बसायला येत. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग उठले, फळीवरचं लाल लोकरीचं रीळ घेतलं आणि मागच्या भट्टीत टाकलं.

मला एक कळत नव्हतं. बोळा नळीच्या तोंडाशी असतो, शेपूट बाहेर. ज्ञानोबाला ती दिसली कशी नाही? आणि तोंडाशी बसवलेला बोळा वीतभर आत गेला कसा? दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. हाताला मोठं बँडेज, चेहरा उतरलेला. त्याची बायको सोनाबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मला बघताच ती उठून बाहेर गेली.

ती गेल्यावर ज्ञानोबा हळू आवाजात म्हणाला, "बोळा व्हता न्हवं?"

"होता."

"वाटलंच मला." त्यानं छताकडे पाहिलं. "नवमीला सांजंच्याला पूजंच्या ताटात पळी बगितली मी. तिच्या दांड्याला काळं ग्रीस. म्हनलं, ह्ये कुटनं लागलं? आन इसरून गेलो. देवाम्होरं ग्रीसनं काळं पडल्यालं चिंधूक लोंबताना दिसलं आसल तिला, तर सारलं आत. तिला काय ठावं त्ये कशाचं हाय."

मी स्टूल ओढून खाटेजवळ बसलो.

"चूक माजी हाय. शेपूट वढायची ऱ्हायली, नळी बगायची ऱ्हायली. तुमी सतरांदा सांगितल्यालं." मग उजव्या हातानं त्यानं माझं मनगट धरलं. "तिला कळू देऊ नगा, मिस्त्री. बोटं गेली ती गेली. रोज भाकरी वाडताना तिला माजा हात दिसनार हाय. तिच्या पळीनं गेली ह्ये तिला कळलं, तर ती जगायची न्हाय. शब्द द्या."

मी शब्द दिला.

तिथून दुकानापर्यंत चालत आलो आणि वाटेत एकच गोष्ट डोक्यात होती. तीस-चाळीस वर्षं आम्ही त्या शेपटीविषयी बंदुकीच्या मालकाला सांगत आलो. पण खंडेनवमीला बंदूक पुसते कोण, गंध कोण लावते, हार कोण घालते? ती बाई आमच्या दुकानात कधी आली नव्हती आणि तिला सांगायचं ना अब्बांना सुचलं होतं, ना मला. शेपूट आंधळ्यालाही कळेल असं अब्बा म्हणत. ज्या बाईला कधी सांगितलंच नाही तिला कसं कळणार?

मत लिहिलं ते असं: काडतुसात दोष नाही. नळीत कापडाचा अडथळा होता. तो बोळा माझ्या दुकानातला असून मी स्वतः बसवलेला होता. अशा रीतीनं नळी बंद करणं धोक्याचं आहे.

फौजदारांनी कागद वाचला. "शेपूट बाहेर असते म्हणता. मग बोळा आत गेला कसा?"

"ते नळीवरून सांगता येत नाही."

हे खरं होतं. नळीवरून खरंच सांगता आलं नसतं. कागदावर मी एकही खोटी गोष्ट लिहिली नाही, एक खरी लिहिली नाही.

बर्व्यांचा माल सुटला. संध्याकाळी ते चालत आमच्या दुकानात आले, छत्री टेबलाला टेकवली आणि उभ्यानंच म्हणाले, "आभार मानायला आलो नाही. खरं लिहिल्याबद्दल आभार मानायचे झाले तर अवघड आहे. तुमचा धंदा आता कसा चालणार, एवढं विचारायला आलो."

"बघू."

"बघा," ते म्हणाले आणि गेले. पण तेव्हापासून काडतूस घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते विचारत, "नळी पाहिलीत का? नाही? मग आधी कसब्यात जाऊन दाखवून या." त्या एका वाक्यावर आमची चूल पुढची दोन वर्षं पेटली. कारण माझा दुरुस्तीचा परवाना चौकशीपायी सहा महिने बंद राहिला, आणि सुरू झाला तेव्हा सिंहगड रस्त्याकडची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती. 'बोळेवाला मिस्त्री' असं माझं नाव पडलं. अब्बांनी ते ऐकलं, आणि त्याच सालात ते गेले. शेवटपर्यंत त्यांनी मला दोष दिला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

बोळा मी कायमचा बंद केला. त्याऐवजी बांबूची काडी, नळीपेक्षा लांब, मागून घालायची. ती आत असेपर्यंत बोल्ट बंदच होत नाही. ही युक्ती काही मोठी नाही, पण ती आधी सुचायला हवी होती. दुसरं म्हणजे, बंदूक न्यायला आलेल्याला मी विचारू लागलो, घरात पूजा कोण करतं? त्यांना घेऊन या, मग बंदूक मिळेल.

"बंदुकीच्या दुकानात बायकांचं काय काम?" एक जण म्हणाला.

"पूजा तुम्ही करता का?"

"नाही."

"मग तुमचं काय काम?"

बायका आल्या. आधी दारात उभ्या राहत, मग आत. मी त्यांना नळी उजेडाकडे धरून दाखवायचो. एकीला नळीतून पलीकडचा तांबट दिसला, ती हसली आणि तिनं जावेलाही बोलावून दाखवला.

तीन वर्षांनी ज्ञानोबानं पुन्हा बंदूक घेतली, बारा बोअरची दुनळी. नियम सर्वांना सारखा, म्हणून सोनाबाईलाही आणलं. मी दुनळी मोडून, म्हणजे सांध्यातून वाकवून उघडून, तिला नळ्या दाखवत होतो. ज्ञानोबा तंबाखू आणायला कोपऱ्यावर गेला. तो वळताच ती म्हणाली, "मिस्त्री, तुमी कागदावर माजं नाव का न्हाय लिवलं?"

मी दुनळी टेबलावर ठेवली.

"मीच सारला त्यो बोळा. पळीनं. देवाम्होरं घाण दिसतीया म्हनून. गाव तुमास्नी शिव्या देत व्हतं आन मी गप ऱ्हायले." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तीन वर्षांत ते संपलं असावं. "त्यास्नी ठावं न्हाय. माज्या हातनं झालं ह्ये त्यास्नी कळलं तर माज्या हातचं पानी बी घ्यायचे न्हाईत. त्यास्नी सांगू नगा. शब्द द्या."

ज्ञानोबा तंबाखू मळत परत येताना दिसत होता, तीन बोटांच्या हातात. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी शब्द दिला.

मला वाटलं, दोघांनीही झाकलं आहे आणि दोघांचंही बरं चाललं आहे, आपण कशाला उघडायचं? पुढे एकदा धायरीला गेलो होतो. सकाळची वेळ. मी ओसरीवर चहा घेत होतो. आत पूजा झाली आणि सोनाबाई ज्ञानोबाला तीर्थ द्यायला आली. पळी पदराच्या टोकानं झाकलेली. त्यानं उजवा हात पुढे केला, डावा पाठीमागे धरलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मी चहा संपवला आणि निघालो.

ज्ञानोबा गेला तो साध्या तापानं, दुनळी घेतल्यावर अकरा वर्षांनी. धायरीत तोवर इमारती उठायला लागल्या होत्या, डुकरं कुठल्या कुठे गेली होती. परवानावाला वारला की बंदूक घरात ठेवता येत नाही, म्हणून चौकीचा कागद घेऊन सोनाबाई दुनळी द्यायला दुकानात आली. टेबलाशी उभी राहून तिनं स्वतःच बंदूक मोडली, दोन्ही नळ्या रस्त्याकडे धरून पाहिल्या, आणि मग माझ्या हातात दिली. असं शंभरातलं एक गिऱ्हाईक करतं.

मी पावती लिहिली. आता शब्द कोणासाठी पाळायचा होता?

"सोनाबाई, त्यांना माहीत होतं," मी म्हणालो. "पळीचं. दवाखान्यातच त्यांनी मला सांगितलं. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाले."

पलीकडे तांबटाचे ठोके चालू होते.

"म्हंजी दोगांनी बी तुमास्नीच सांगितलं."

"हो."

"आन तुमी दोगांचं बी ठिवलं."

"शब्द दिला होता."

"रोज तीर्थ देताना मी पळी पदराआड धरायची, मिस्त्री. त्यास्नी दिसू ने म्हनून." तिनं पावतीवर अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली. "आन त्ये हात मागं धरायचे. मला वाटायचं, माज्यावर राग हाय." मग माझ्याकडे सरळ पाहून ती म्हणाली, "चवदा वरसं. येवढं येक तवाच सांगायचं व्हतंसा."

ती पायऱ्या उतरून गेली. मी आयुष्यभर लोकांना नळी आधी उघडून बघा म्हणून दटावत आलो. या दोघांमधला बोळा मात्र मी ओढला नाही.